विश्लेषण : गोगलगाय, चाबूक आणि संविधान… इतिहासाच्या वर्गात व्यंगचित्र कसे वाचावे?

एका व्यंगचित्रावरून २०१२ मध्ये संसद तापली, पुण्यात विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली आणि पाठ्यपुस्तकाच्या दोन सल्लागारांनी राजीनामे दिले. चित्र पुस्तकातून काढण्याचा निर्णय झाला. पण ते वाचायचे कसे, हा प्रश्न वर्गात तसाच राहिला. आज शाळकरी मुलांच्या मोबाइलवर जुनी चित्रे, छायाचित्रे आणि कात्रणे तारखेविना, नावाविना फिरत असताना तो प्रश्न अधिकच गंभीर झाला आहे.

वाद नेमका काय होता?

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर ‘एनसीईआरटी’ने राज्यशास्त्राची नवी पुस्तके काढली. व्यंगचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे, उन्नी-मुन्नी ही प्रश्न विचारणारी पात्रे यांमुळे ही पुस्तके वेगळी ठरली. अकरावीच्या भारतीय राज्यघटनेवरील पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. ‘संविधान’ नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत, त्यांच्या हाती चाबूक आहे. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हाती उगारलेला चाबूक. पार्श्वभूमीला बघ्यांची गर्दी.

पुस्तक २००६ पासून वर्गात होते. मे २०१२ मध्ये या चित्रावर संसदेत तीव्र आक्षेप घेण्यात आला. डॉ. आंबेडकरांचा आणि पर्यायाने दलित समाजाचा यात अपमान आहे, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे होते. तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिबल यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्र काढण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पाठोपाठ पुणे विद्यापीठातील पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुस्तकांतील इतरही काही व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली. समितीचे एक सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी त्याहून वेगळे मत नोंदवले.

एका बाजूला अभिव्यक्तिस्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला अस्मिता, अशी या वादाची मांडणी तेव्हा झाली आणि आजही होते. तिसरा मुद्दा मात्र मागे पडला. सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यासमोर असे चित्र आले, तर त्याने त्याचे काय करायचे?

चित्र काय सांगते, काय सांगत नाही?

राजकीय व्यंगचित्र हे घटनेचे छायाचित्र नसते, ते घटनेवरचे मत असते. नाक लांब होते, पोट सुटते, देशाची बाई होते आणि कायद्याचा प्राणी. या अतिशयोक्तीतच चित्रकाराचा मुद्दा असतो. त्यामुळे ‘असे घडले होते का?’ हा व्यंगचित्राला विचारायचा पहिला प्रश्न नव्हे. ‘असे कोणाला वाटत होते, केव्हा आणि का?’ हा पहिला प्रश्न.

शंकर म्हणजे केशव शंकर पिल्लै. केरळातून आलेले, ‘हिंदुस्तान टाइम्स’मध्ये अनेक वर्षे काम केलेले आणि १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ सुरू करणारे व्यंगचित्रकार. वाचक इंग्रजी जाणणारा, शहरी. १९४९ साली या वाचकाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षे होत आली होती आणि संविधान अजून हाती आले नव्हते. गोगलगायीतून दिसते ती ही अधीरता. ‘संविधान सभा संथ चालली होती’ याचा हे चित्र पुरावा नाही. ‘ती संथ चालली आहे, असे दिल्लीतील एका प्रभावी व्यंगचित्रकाराला वाटत होते’ याचा मात्र पुरावा आहे. या दोन वाक्यांतला फरक विद्यार्थ्याच्या लक्षात आला, तर इतिहासाचा अर्धा धडा झाला.

पाठ्यपुस्तकाने चित्राखाली प्रश्न विचारला होता. संविधान सभेला इतका वेळ का लागला असावा, हे मुलांनी शोधावे, अशी अपेक्षा होती. शेजारचा मजकूरही सभेतील चर्चेची बाजू घेणारा होता. तरीही एक अडचण होती. चित्र डोळ्यात भरते आणि मजकूर वाचावा लागतो. ज्या वर्गात मजकूर वाचलाच जात नाही, तिथे फक्त चित्र लक्षात राहते.

इतर साधने काय सांगतात?

या चित्राची पडताळणी करायला दुर्मीळ कागद शोधावे लागत नाहीत. संविधान सभेतील चर्चा छापलेली आहे, इंटरनेटवर मोफत वाचता येते. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनानेच प्रसिद्ध केले आहेत.

पहिले साधन म्हणजे टी. टी. कृष्णम्माचारी यांचे ५ नोव्हेंबर १९४८ चे भाषण. मसुदा समितीत सात सदस्य होते. त्यांपैकी एकाने राजीनामा दिला आणि त्याच्या जागी दुसरा आला. एकाचे निधन झाले, ती जागा भरली गेली नाही. एक अमेरिकेत होता. एक राज्यकारभारात गुंतला होता. एक-दोघे दिल्लीपासून दूर होते, कदाचित प्रकृतीच्या कारणाने येऊ शकत नव्हते. त्यामुळे मसुद्याचा भार अखेरीस डॉ. आंबेडकरांवर पडला, असे त्यांनी सभागृहात सांगितले. चित्रात आंबेडकर गोगलगायीवर बसलेले दिसतात. भाषणात ते ओझे वाहताना दिसतात.

दुसरे साधन म्हणजे खुद्द डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण. विलंबाचा आरोप त्यांनी टाळला नाही, भाषणाच्या सुरुवातीलाच घेतला. अमेरिकेच्या संविधान परिषदेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, तर ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे, अशी तुलना त्यांनी मांडली. भारताच्या संविधानात ३९५ अनुच्छेद आणि आठ परिशिष्टे आहेत, इतर संविधाने आकाराने कितीतरी लहान आहेत, याकडे लक्ष वेधले. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हेही सांगितले. नझीरुद्दीन अहमद या सदस्याने मसुदा समितीला ‘वाहवत जाणारी समिती’ अशा अर्थाची इंग्रजी कोटी करून हिणवले होते. तिचाही समाचार त्यांनी घेतला.

म्हणजे संथपणाची टीका एकट्या शंकर यांची नव्हती. ती सभागृहातही होत होती, आणि तिला आकडेवारीसह दिलेले उत्तर त्याच वर्षी नोंदले गेले होते. चित्र आणि ही दोन भाषणे एकत्र ठेवली, तर विद्यार्थ्याला आरोपही दिसतो आणि उत्तरही. चित्र एकटे ठेवले, तर फक्त आरोप उरतो.

याच भाषणातला एक छोटा तपशील शिक्षकांनी मुद्दाम वापरावा असा आहे. संविधान सभेला दोन वर्षे, ११ महिने आणि १८ दिवस लागले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. डॉ. आंबेडकरांच्या भाषणात १७ दिवस आहेत. चूक कोणाची? कोणाचीच नाही. सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली. ते बोलले २५ नोव्हेंबरला, संविधान स्वीकारले गेले २६ नोव्हेंबरला. मोजणारा कोणत्या दिवशी उभा आहे, यावर आकडा बदलला. साधन कोणत्या क्षणी तयार झाले, हे पाहण्याचा याहून सोपा धडा शोधून सापडायचा नाही.

चाबूक कोणाला दिसला?

चित्राच्या समर्थकांचे म्हणणे होते की नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे, आंबेडकरांवर नाही. दोघेही मिळून तिला हाकत आहेत. १९४९ मध्ये कोणी आक्षेप घेतला नाही, मग २०१२ मध्ये का, असाही प्रश्न विचारला गेला.

पण ‘तेव्हा कोणी आक्षेप घेतला नाही’ हे विधानही साधनांच्या कसोटीवर तपासावे लागते. आक्षेप नोंदला गेला नाही म्हणजे तो नव्हताच, असे होत नाही. नोंदवायला कागद, छापखाना आणि वाचक लागतो. इंग्रजी साप्ताहिकाची पाने १९४९ साली कोणाच्या हाती होती, हे पाहिले की मौनाचा अर्थ बदलतो. ‘मूकनायक’ या नावाने १९२० मध्ये पाक्षिक काढावे लागले, यातच ते उत्तर आहे.

ज्यांच्या घरातल्या आठवणीत चाबूक ही उपमा नसून अनुभव आहे, त्या मुलाला ब्राह्मण पंतप्रधानाच्या हातातील चाबूक आणि पुढे बसलेले बाबासाहेब वेगळे दिसणारच. मागची हसरी गर्दीही वेगळी दिसणार. हे वाचन भावनिक आहे म्हणून बाद करता येत नाही. ‘चित्रात कोण बघतो आहे आणि कोणाकडे बघितले जाते आहे?’ हा साधनचिकित्सेतला रास्त प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकाच्या प्रश्नांत तो नव्हता, ही त्या पुस्तकाची उणीव मानायला हरकत नाही.

उन्नामती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत आलेली डॉ. आंबेडकरांवरील शंभराहून अधिक व्यंगचित्रे एकत्र करून ‘नो लाफिंग मॅटर’ हा संग्रह सिद्ध केला. एक चित्र पाहिले की विनोद वाटतो. शंभर चित्रे ओळीने पाहिली की कोणाला कसे रेखाटायचे, याची सवय दिसू लागते. उलट बाजूने, शंकर यांनी नेहरूंनाही सोडले नव्हते. नेहरूंवरील त्यांच्या व्यंगचित्रांचा स्वतंत्र संग्रह १९८३ मध्ये निघाला. दोन्ही चित्रमालिका शेजारी ठेवून पाहिल्या, तर थट्टा दोघांची होत असतानाही ती सारखीच होती का, हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकतो. चित्र काढून टाकल्यावर मात्र त्याला हे काहीच करता येत नाही. आक्षेप बरोबर होता की चूक, हेही नाही.

बखर आणि व्यंगचित्र यांत साम्य काय?

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाला हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड प्रसिद्ध केले, ते याच आग्रहापोटी. बखरीत लिहिले आहे म्हणून ते खरे, असे न मानता अस्सल पत्रांशी ताडून पाहा, असे ते सांगत होते. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीत, शिवाजी महाराजांच्या निधनानंतर लिहिली गेली. लिहिणारा दरबारातला, सांगणे राजाच्या आज्ञेवरून. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. तिच्याकडून काय घ्यायचे आणि काय पडताळायचे, एवढेच ठरते.

बखर, पोवाडा, ताम्रपट, इंग्रज वखारीचे पत्र, व्यंगचित्र, छायाचित्र या सगळ्यांना विचारायचे प्रश्न सारखेच आहेत. फरक इतकाच, की बखर वाचताना ती जुनी आहे याचे भान असते. चित्र मात्र पाहताक्षणी कळले असे वाटते. तो भ्रम मोडणे हेच शिक्षकाचे काम.

तारीख का महत्त्वाची?

जगभरच्या इतिहासाच्या वर्गांत दाखवले जाणारे एक उदाहरण पाहू. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचे ‘राँदेव्हू’, म्हणजे ‘भेट’. हिटलर आणि स्टालिन एकमेकांना टोपी काढून, कमरेत वाकून अभिवादन करत आहेत, तोंडाने मात्र शेलक्या शिव्या देत आहेत. दोघांमध्ये एक प्रेत पडले आहे. हे चित्र २० सप्टेंबर १९३९ चे. जर्मनी पोलंडमध्ये घुसला १ सप्टेंबरला, सोव्हिएत फौजा शिरल्या १७ सप्टेंबरला. म्हणजे चित्र अवघ्या तीन दिवसांनंतरचे आहे.

तारीख झाकली, तर चित्र दोन हुकूमशहांच्या मैत्रीवरचे वाटते. तारीख दिसली की प्रेत पोलंडचे आहे, हे कळते. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि ब्रिटन व सोव्हिएत संघ एका बाजूला आले. त्यानंतर लंडनमधल्या वृत्तपत्रात स्टालिन असा रेखाटणे तितके सोपे राहिले नाही. चित्रकार तोच, वृत्तपत्राचे शहर तेच, पण दिवस बदलला की चित्र बदलते.

मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या चित्रांची तारीखच कापलेली असते. खाली नवा मजकूर चिकटवलेला असतो. व्यंगचित्राला ‘तेव्हाचा फोटो’ समजून पुढे पाठवणारे मोठे आहेत, मुले त्यांचेच पाहून शिकतात.

परीक्षा आड येते का?

काही प्रमाणात, होय. राज्य मंडळाच्या पुस्तकांत ‘इतिहासाची साधने’ हा पाठ असतो. भौतिक, लिखित, मौखिक ही वर्गवारी मुले पाठ करतात आणि पुढच्या पाठापासून साधने विसरून गोष्ट वाचू लागतात. साधन ओळखणे आणि साधन वापरणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. प्रश्नपत्रिकेत गुण बहुधा पहिल्याला असतात, म्हणून वेळही पहिल्यालाच मिळतो.

ब्रिटनमध्ये ‘जीसीएसई’ या शालान्त परीक्षेत विद्यार्थ्यापुढे चित्र किंवा उतारा ठेवून ‘या प्रश्नासाठी हे साधन किती उपयोगी आहे?’ असे विचारले जाते. उत्तरात मत कोणते, यापेक्षा ते कशावर आधारले आहे, याला गुण असतात. असा एक प्रश्न इथल्या प्रश्नपत्रिकेत आला, तरी वर्गातील तासाचे वळण बदलेल. त्यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण आणि उत्तरपत्रिका तपासण्याचे स्पष्ट निकष लागतील, हे मान्य करूनच पाऊल टाकावे लागेल.

वर्गात काय करता येईल?

एका तासासाठी तीन कागद पुरेसे आहेत. एक व्यंगचित्र आणि त्याच घटनेवरचे दोन उतारे. चित्र आधी शीर्षकाविना दाखवावे. काय दिसते, एवढेच मुलांनी लिहावे. वाटते काय, ते नंतर. मग नाव, वृत्तपत्र आणि तारीख सांगावी आणि आधीच्या उत्तरांतले काय बदलले, ते विचारावे. त्यानंतर फळ्यावर सहा प्रश्न : कोणी काढले? कोणासाठी? केव्हा? काय फुगवून दाखवले आहे? चित्रात कोण नाही, किंवा कोण फक्त गर्दीत आहे? दुसरे साधन याला दुजोरा देते की छेद?

शेवटचे दोन प्रश्न सहसा सुटतात आणि वाद नेमका तिथेच पेटतो.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. ज्या चित्रात एखाद्या समाजाची अवहेलना आहे किंवा असल्याची भावना आहे, ते वर्गात आणताना शिक्षकाने ते आधी सांगावे, संदर्भ द्यावा, आणि त्या समाजातील विद्यार्थ्याला ‘तुला काय वाटते?’ म्हणून सर्वांसमोर उभे करू नये. साधनचिकित्सेचे ओझे ज्याला लागते, त्याच्याच खांद्यावर टाकायचे नसते. काही चित्रे आठवीत नकोत, अकरावीत चालतील, असाही निर्णय घ्यावा लागेल. तो शिक्षक, पालक आणि अभ्यासक यांनी शांतपणे बसून घ्यायचा आहे. सभागृहातील एका दुपारच्या गदारोळात तो होत नाही, आणि कार्यालय फोडून तर नाहीच.

चित्र हटवल्याने काय साधले?

पाठ्यपुस्तकातून गेलेली गोगलगाय इंटरनेटवरून गेली नाही. ती आज कोणालाही काही सेकंदांत सापडते, आणि तिच्याशेजारी कृष्णम्माचारींचे भाषण नसते, आंबेडकरांचे उत्तर नसते, प्रश्न विचारणारा शिक्षकही नसतो. ज्यांना चित्र अपमानकारक वाटले, त्यांची काळजी खरी होती. पण चित्र सर्वांत जास्त धोकादायक असते ते एकटे असताना. वर्ग ही त्याला इतर साधनांच्या सोबतीने बसवण्याची जागा होती. मुलांच्या हाती चित्र पडणारच आहे. ते हाती पडल्यावर काय विचारायचे, हे शाळेने शिकवायचे की ते काम मोबाइलवर आलेल्या पुढच्या संदेशावर सोडायचे, एवढेच ठरवणे उरले आहे.